तिसऱ्या पायरीचा गंधार

४ ऑगस्ट

ठकू,

पत्राला कारण आहे आणि ते निव्वळ कामाचं आहे, तेव्हा पाकिटावरचं अक्षर ओळखून लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तीन वर्षं एक ओळ न लिहिणारा भाऊ आज पानंच्या पानं लिहितोय म्हणजे त्याला काहीतरी हवंय, असं तू म्हणशील. बरोबर आहे. एक सही हवी आहे.

माझी ती पुस्तिका तुला आठवत असेल. संगीताच्या तासाला वर्गात काय काय करून घ्यायचं याची. पहिल्यांदा छापून आली तेव्हा आईने ती शेजारीपाजारी वाटली होती, ज्यांच्या घरात पेटी सोडाच, साधी शिट्टीही नव्हती त्यांनासुद्धा. तिची आता नवी आवृत्ती निघतेय. शाळेत माझ्या जागी ज्या नव्या बाई आल्या आहेत, त्यांनी मनावर घेतलंय. बाई हुशार आहेत आणि फटकळ. 'सर, हे फार जुनं झालं' असं मला तोंडावर सांगतात आणि वर चहा पाजतात, त्यामुळे रागावताही येत नाही.

बरेचसे खेळ तेच आहेत. इतिहासाची दोरी आहे: वर्गाच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधायची आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं लावायची. एका टोकाला हाडाची बासरी, मग ढोल, मग तारांची वाद्यं, पेटी, तबकडी, रेडिओ, कॅसेट. आधी काय आलं नि मागून काय, हे मुलांनी भांडून भांडून ठरवायचं. बाईंनी शेवटच्या चिमट्याला परवा मोबाइल लटकवला. चित्र नव्हे, खरा, स्वतःचा. तो वाजला आणि अख्खा वर्ग दोरीखाली नाचला. तालाचं रिंगणही आहे. जमिनीवर खडूने सोळा गोल काढायचे, मात्रा मोजत चालायचं, नवव्या गोलावर टाळी न देता हात नुसता उघडायचा. स्वरांची शिडी आहे, आठ पायऱ्यांवर आठ मुलं, एकेकाला एकेक स्वर. मी छडी ज्या पायरीकडे करीन तिने गायचं. त्या छडीने मी कधी कुणाला मारलं नाही, एवढं तर तूही मान्य करशील.

आणि 'बेसूर कोण?' आहेच. पुस्तिकेतला सगळ्यात गाजलेला खेळ. शिक्षकांच्या शिबिरात मला बोलावतात ते त्याच्यासाठीच. त्या पानावर एक चौकट असते, 'हा खेळ कसा सुचला'. तीत तुझी गोष्ट आहे. आता नवा नियम झालाय की पुस्तकात कुणा जिवंत माणसाबद्दल लिहिलं तर त्याची लेखी संमती लागते. मजकूर खाली उतरवून देतो, जुनाच आहे:

'माझी सख्खी धाकटी बहीण माझ्याच वर्गात होती. तिचा गंधार काही केल्या जागेवर बसेना. शेवटी मी सगळ्या वर्गाला डोळे मिटायला सांगितले आणि शिडीवरच्या मुलांना एकेक स्वर गायला लावला. चुकीचा स्वर ऐकू आला की हात वर करायचा. तिची पाळी आली आणि चाळीस हात वर गेले! त्या दिवशी मला उमगलं की मुलांना आधी ऐकायला शिकवलं पाहिजे.'

इथे शिबिरात हमखास हशा पिकतो. तूसुद्धा तेव्हा हसली होतीस, असं मला आठवतं.

सोबतच्या कागदावर फुलीच्या जागी सही करून पाठव. घाई नाही, पण महिनाअखेरीच्या आत. मेहुण्यांना नमस्कार सांग. तुझी वहिनी बरी आहे, गुडघे सोडून.

दादा


१९ ऑगस्ट

ठकू,

कागद मिळाला. इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर येईल असंच वाटलं नव्हतं. तू सही केलीस, तारीख घातलीस, आणि खाली एक ओळ लिहिलीस: 'खरं आहे तेच लिहिलंयस. छाप.'

मी तो कागद बाईंकडे द्यायचा होता. आठवडा झाला, टेबलाच्या खणात आहे. तुझी वहिनी म्हणाली, 'मिळाली ना सही? मग तोंड का पाडून बसलायत?' मी म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. चष्म्याचा नि तोंड पाडण्याचा काय संबंध, ते तिने विचारलं नाही. ती हल्ली माझ्या थापा नुसत्या बाजूला ठेवते, धुवायच्या कपड्यांसारख्या.

तू दोन शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं. 'माझं नाव काढायचं नाही' असं लिहिलं असतंस तर मी दोन दिवस चिडचिड करून चौकट गाळली असती आणि दोष तुझ्यावर टाकून मोकळा झालो असतो. 'खरं आहे' असं तू लिहिशील याची तयारी मी केली नव्हती.

शुक्रवारी बाईंनी मला शाळेत नेलं. पुस्तिकेसाठी फोटो काढायचे होते. तोच वर्ग आहे, पण भिंतींना आता फिका हिरवा रंग दिलाय, आणि खिडकीला जाळी बसवलीय. दोरी झाली, रिंगण झालं, मग 'बेसूर कोण?'. मुलांनी डोळे मिटले. मी पेटीशी बसलो. आठातली सहावी एक मुलगी होती, दोन दात पडलेली, मोज्याचं रबर सैल झालेली. तिने स्वर लावला आणि हात वर गेले. फोटोवाला खूश झाला. मुलं डोळे उघडून हसायला लागली. ती मुलगीही हसली, ठकू. हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला आणि तो खाली घेतलाच नाही. तास संपला, रांग लागली, मुलं बाहेर पडली, तरी हात तोंडावरच.

बाईंनी मला विचारलं, 'सर, ओळखलं कोण बेसूर ते. आता पुढे हिच्यासाठी काय करायचं? पुस्तिकेत पुढचं पान नाहीये.'

मी म्हटलं, त्या मुलीला हळूहळू येईल. बाई म्हणाल्या, 'तुमच्या बहिणीला आलं का?'

मी जिना उतरून थेट घरी आलो. तीस वर्षांत शंभरावर शिबिरं केली असतील. हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता.

आई दवाखान्यात होती तेव्हाचं आठवतं का, असं तुला विचारणं मूर्खपणाचं आहे. तिला दिसत नव्हतं, पण कान शाबूत होते. तिने तुझा हात धरून म्हटलं, 'ठकू, म्हण गं काहीतरी. तू लहानपणी किती म्हणायचीस.' तू तिच्या उशाशी वाकलीस. तुझे ओठ हलताना मी पाहिले. आवाज नव्हता. मग तू माझ्याकडे वळलीस नि म्हणालीस, 'दादा, तू म्हण.' आणि मी म्हटलं. चांगलं म्हटलं, नर्सबाई दारात थांबून ऐकत होत्या. त्या क्षणीही मला थोडं बरंच वाटलं होतं, हेही लिहून टाकतो.

आई गेल्यावर तेराव्या दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर तू मला विचारलंस, 'मला तेव्हा शिकवायचं सोडून तू मला गप्प का केलंस?' आणि मी चहाचा कप खाली ठेवून म्हणालो, 'काहींना जन्मतः कानच नसतो, त्याला मी काय करू?' आत्या हसल्या. तू पर्स उचललीस आणि निघालीस.

सही परत पाठवू का? तू सांगशील तसं करतो.

दादा


२७ ऑगस्ट

ठकू,

तू काही कळवलं नाहीस. बरोबरच आहे, मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. सही परत पाठवू का, हा काय प्रश्न झाला?

तुला एक गोष्ट सांगायची आहे. तीन पत्रं फाडली. वहिनीने केराची टोपली रिकामी करताना फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी नोकरीला लागलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो आणि मला सगळं येत होतं. शाळेची पेटी जुनी होती, एका पट्टीला एकच सूर असलेली, साधी. तिचा गंधार जरा घरघरायचा. हेडमास्तरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेटी उघडायची नाही, दुरुस्तीला माणूस येतो. मी एका रविवारी शाळेत जाऊन ती उघडली. आतल्या पितळेच्या पत्तीवर बारीक कानस चालवली. पत्ती टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. घासताना पत्ती उलटी धरली होती की घाई होती, देव जाणे, मी मुळाशी घासली. घरघर गेली. मी खूश झालो. स्वर खाली आला होता, फार नाही, पण आला होता. कोमलही नव्हे आणि शुद्धही नव्हे, मधेच लटकलेला. माझ्या ते लक्षात आलं नाही. माझा पेटीवर विश्वास होता, आणि त्याहून जास्त माझ्या हातावर.

चाळीस मुलं त्या पेटीवर शिकली. रोज तोच उतरलेला गंधार ऐकून त्यांना तोच खरा वाटायला लागला. तू तेवढी नाही. तुझ्या घशात खरा गंधार आधीपासून होता, आईच्या गाण्यातून आलेला असेल. तू तिसऱ्या पायरीवर उभी राहून बरोबर गायचीस आणि मी म्हणायचो, 'वर जातेस. खाली ये. अजून खाली.' तू यायचा प्रयत्न करायचीस, तोंड लाल व्हायचं, पण आवाज पुन्हा आपल्या जागी जायचा. तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस.

मग तो खेळ झाला. चाळीस हात. तू हसली नव्हतीस, ठकू. मी पहिल्या पत्रात थाप मारली. तू पायरीवरची माती बुटाने एका बाजूला सारत होतीस, नीट ओळ करून. दुसऱ्या दिवशी मी तुला शिडीवरून काढलं आणि सांगितलं, शाळेच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभी राहा, नुसते ओठ हलव.

बेसूर तू नव्हतीस. बेसूर मी केलेली पेटी होती, आणि तिच्यामागून गेलेला सगळा वर्ग. तुझा कान आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला होता.

हे मला फार उशिरा कळलं. तू तेराव्याला निघून गेलीस, त्यानंतर काही महिन्यांनी शाळेने जुनं सामान काढलं, तेव्हा ती पेटी मी घरी आणली. सहज उघडली, आणि पत्तीच्या मुळाशी कानशीच्या खुणा दिसल्या. तेव्हा सगळं लक्षात आलं. आधी कळलं असतं तर तुला असं बोललो असतो का?

बाईंना सांगून तो खेळ पुस्तिकेतून काढायला लावतो. मला लाज वाटते. हे वाक्य लिहायला मला चौथा कागद लागला.

तुझा
दादा


१२ सप्टेंबर

ठकू,

तुझं कार्ड आलं. पत्ता सोडला तर तीनच शब्द: 'तुला कधी कळलं?'

मी मागच्या पत्रात ते सांगितलं होतं. तरी तू विचारलंस. माझी थाप तुला लहानपणापासून ओळखता येते, तो कानही तुझा चांगलाच आहे म्हणायचा. कार्ड वाचून मी वहिनीपुढे ठेवलं आणि मागच्या पत्रात काय लिहिलं होतं तेही तिला तोंडी सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'अर्धंच सांगितलंत ना? मग आता हे कार्ड आलंय त्याचं उत्तर द्या.'

आधी बाईंचं सांगतो. हे आधी सांगून मी वेळ काढतोय, हे मला कळतंय. सोमवारी शिक्षकांचं शिबिर होतं, साठ जण. माझं भाषण ठरलेलं होतं. मी फळ्यावर 'बेसूर कोण?' लिहिलं आणि गोष्ट सांगायला लागलो. चाळीस हातांपाशी सगळे हसले, नेहमीसारखे. मग मी पेटीची गोष्ट सांगितली. एक जण म्हणाला, 'सर, गंमत करताय.' मी म्हटलं, नाही.  पुढच्या रांगेतल्या एका शिक्षकाने वही मिटली. बाईंनी फळा पुसला आणि त्या पानाच्या जागी काय घालायचं ते त्यांच्यावर सोपवून मी घरी आलो. तुझा सहीचा कागद या पाकिटात परत पाठवतोय.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

मला सतरा दिवसांनी कळलं.

खेळ झाल्यावर सतराव्या दिवशी पेटी दुरुस्त करणारे काका आले. दोरीने बांधलेला चष्मा, बोटं पितळेने काळी झालेली. त्यांनी सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबल्या आणि तिसरीवर थांबले. पुन्हा दाबली. पेटी उघडली, पत्ती उजेडात धरली. म्हणाले, 'मास्तर, हा गंधार कुणी घासला? चांगलाच उतरवून ठेवलाय.' मी म्हटलं, 'माहीत नाही. आधीचे सर असतील.' ते हसले. म्हणाले, 'ज्याने घासला त्याला हात आहे, पण कान नाही.' त्यांनी टोकाशी चार वेळा कानस फिरवली. दहा मिनिटांचं काम.

आईच्या तेराव्याला मी तुला जे ऐकवलं, ते शब्द माझे नव्हते. ते माझ्याबद्दल बोललेले शब्द होते आणि मी ते तुझ्या अंगावर फेकले. तेव्हा मला सगळं माहीत होतं. माहीत होऊन एकेचाळीस वर्षं झाली होती.

ओठ हलव, हेही मी तुला खेळाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं नव्हतं. खेळाच्या दुसऱ्या दिवशी मी तुला एवढंच म्हणालो होतो की सराव कर, मग बघू. आणि तू सराव केलास. काका येऊन गेले त्याच संध्याकाळी तू स्वयंपाकघरात भांडी पुसत होतीस. तुझ्या हातात फडकं होतं, झाकण होतं, आणि तू गुणगुणत होतीस. मी बाहेरच्या खोलीत दुरुस्त झालेल्या पेटीचा गंधार डोक्यात घेऊन बसलो होतो आणि तू त्याच्यावर येऊन थांबलीस. केसभरही इकडेतिकडे नाही. मग तू बाहेर आलीस. म्हणालीस, 'दादा, आता बसतो का बघ ना. मी रोज म्हणतेय. घेशील ना परत?' आणि तू माझ्यासमोर उभी राहून तो स्वर लावलास.

मला एवढंच म्हणायचं होतं की बरोबर आहे, आणि पहिल्यापासून बरोबर होता. पण मग घरी ते आईला सांगावं लागलं असतं, शाळेत हेडमास्तरांना, आणि हात वर करणाऱ्या त्या चाळीस मुलांनाही. माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. कार्यक्रमाला तीन आठवडे होते, तुला शिडीवर परत घ्यायला एक मिनिट पुरलं असतं. मी म्हणालो, 'अजून वर जातोय. तू मागच्या रांगेत उभी राहा. नुसते ओठ हलव.'

तू 'बरं' म्हणालीस आणि भांडी पुसायला परत आत गेलीस.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात गोंधळ झाला. पेटी बरोबर झाली होती आणि चाळीस पोरं उतरलेलं गात होती. माझ्याही घशात तोच उतरलेला बसला होता, खरा गंधार मला पेटीवर ऐकूनही गळ्यात धरता येईना. तू घरी तेव्हा अजून गुणगुणायचीस. मी सकाळी निघायच्या आधी दाराआडून तुझा गंधार ऐकायचो, तो कानात धरून शाळेत जायचो आणि मुलांना गाऊन दाखवायचो. कार्यक्रमापर्यंत सगळे नीट गायला लागले. हेडमास्तरांनी माझी पाठ थोपटली. त्या दिवशी चाळीस मुलं तुझा स्वर गात होती, आणि तू त्यांच्या मागे ओठ हलवत उभी होतीस. मी तुझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

दादा